वाचकांचे प्रश्न : घर एका टोकाला, नोकरी दुसऱ्या टोकाला

या महिन्याच्या टपालात एकच विषय फिरून फिरून आला आहे. घर घ्यायचंय, पण रोजची जा-ये झेपेल अशा जागी. इंदूर आता राजवाड्याभोवतीचं गाव राहिलेलं नाही. कारखाने नैऋत्येला पीथमपूरला, आयटी वायव्येला सुपर कॉरिडॉरवर आणि नव्या इमारती मात्र बऱ्याचशा पूर्वेला, बायपासच्या अंगाला. गोची इथेच होते. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी नोकरी पीथमपूरच्या सेक्टर ३ मध्ये, जनरल शिफ्ट. पत्नी पलासियाजवळच्या शाळेत शिकवते, मुलगी तिसरीत आहे. सध्या विजयनगरला भाड्याने राहतो. निपानियाला नवा फ्लॅट ५५ लाखांत मिळतोय. राजेंद्रनगरला तेवढाच, पण पंधरा वर्षं जुना ६५ लाखांना आहे. दहा लाख जास्त मोजून जुनं घर घेणं शहाणपणाचं आहे का?

उत्तर : आहे, पण एका अटीवर. आधी अंतरं बघू. पलासिया दोन्हीकडून जवळपास सारखंच पडतं, आठ-नऊ किलोमीटर. म्हणजे पत्नीच्या बाजूने निकाल बरोबरीत सुटतो. फरक आहे तो तुमच्या वाटेत. राजेंद्रनगरहून पीथमपूरच्या वाटेवरचं राऊ पाच-सहा किलोमीटर आणि तिथून सेक्टर ३ आणखी पंधरा-सोळा. निपानियाहून निघालात तर आधी बायपासने अख्ख्या शहराला पूर्वेकडून वळसा घालायचा, मग राऊ, मग तेच पंधरा-सोळा. एका खेपेला सतराएक किलोमीटर जास्त, दिवसाला ३४.

आता पैसे. महिन्याचे कामाचे २४ दिवस धरले तर ३४ गुणिले २४, म्हणजे ८१६ किलोमीटर. गाडी लिटरला १४ देत असेल तर ५८ लिटर पेट्रोल. १०७ रुपये भाव धरला तर ६,२०० रुपये. टायर, ऑइल, क्लच, ब्रेक यांची झीज किलोमीटरला दोन रुपये तरी धरा, म्हणजे आणखी १,६००. बेरीज ७,८००. दुसऱ्या बाजूला दहा लाखांचं जास्तीचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी त्याचा हप्ता ८,६८० रुपयांच्या आसपास बसतो. थोडक्यात, महिन्याला नऊशे रुपये जास्त देऊन तुम्ही रोजची पाऊण ते एक तासाची वणवण वाचवताय. महिन्याचे वीसएक तास झाले. आमच्या मते हा सौदा फायद्याचा आहे. आणि हप्ता वीस वर्षं तोच राहील (व्याजदर हलला तर थोडा इकडेतिकडे), पेट्रोलचं तसं नाही.

कंपनीची स्टाफ बस असेल तर मात्र हा सगळा हिशेब कोसळतो. मग पेट्रोलच वाचत नाही, वाचतो तो फक्त वेळ. पीथमपूरच्या बऱ्याच कारखान्यांच्या बसेस शहरभर माणसं गोळा करत राऊमार्गे जातात. विजयनगरच्या बाजूने चढणारा पहिल्या थांब्याचा गडी असतो आणि राजेंद्रनगरचा शेवटच्या एक-दोन थांब्यांचा. पहिल्या थांब्यावर बसायला हमखास जागा मिळते, पण सकाळची झोप जाते आणि संध्याकाळी सगळ्यांत शेवटी उतरावं लागतं. तेव्हा दलालाशी बोलण्याआधी कंपनीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून रूटचा कागद घ्या. थांबे कुठे, बस कुठे किती वाजता येते, जनरल शिफ्टच्या आणि ए शिफ्टच्या रूटमध्ये फरक आहे का, ते त्यावरून कळेल.

सुरुवातीला म्हटलं ती अट ही. राजेंद्रनगरचं घर बसच्या थांब्यापासून चालत दहा मिनिटांत हवं. राजेंद्रनगर म्हणून दलाल जे दाखवतात त्यात कॅट रोडकडच्या आतल्या कॉलन्याही येतात. तिथून रेल्वेचा पूल ओलांडून ए.बी. (आग्रा-मुंबई) रोडला लागण्यातच दहा-बारा मिनिटं गेली, तर राजेंद्रनगरचा भाव देऊन अर्धाच फायदा पदरात पडतो. जुन्या फ्लॅटचं एवढंच बघा की बँक पूर्ण २० वर्षांची मुदत देते का. इमारतीचं उरलेलं आयुष्य कमी धरलं तर मुदत १५ वर येते. त्याच दराने लाखाला ८६८ रुपयांचा हप्ता ९८५ होतो आणि वरचं गणित महिन्याला हजार-बाराशेने बिघडतं. पार्किंग रजिस्ट्रीत लिहिलेलं आहे की नुसतं तोंडी, हेही विचारा.

मोटरसायकलने जाणार असाल तर पैशांचा प्रश्न किरकोळ आहे. महिन्याला दोनेक हजारांचंच पेट्रोल वाचेल. पण निपानियाहून रोज ७५-८० किलोमीटर दुचाकीवर, तेही बायपासच्या ट्रेलरांच्या आणि मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या सोबतीने, हे आम्ही कोणालाच सुचवणार नाही. जानेवारीच्या धुक्यात तर नाहीच.

प्रश्न : प्रत्येक बिल्डर “ऑफिसपासून १५ मिनिटं” म्हणतो. खरं किती लागतं हे घर घेण्याआधी कसं तपासायचं?

उत्तर : पंधरा मिनिटं खोटी नसतात. रविवारी सकाळी सहाला तेवढीच लागतात.

तपासायचं असेल तर स्वतः जाऊन. ज्या घराचा विचार आहे त्याच्या फाटकापासून निघा. रस्त्यापासून नको. लिफ्टची वाट, बेसमेंटमधून गाडी काढणं, गेटवरची रांग ही चार-पाच मिनिटं कोणी मोजत नाही. ऑफिसच्या गेटवर पोहोचायची जी वेळ असते, त्या हिशेबानेच निघा. कागदावर चार ठिकाणच्या वेळा टिपा. घराचं फाटक, पहिला मोठा चौराहा ओलांडला ती वेळ, शेवटचा मोठा चौराहा ओलांडला ती वेळ, आणि गाडी लावून खुर्चीत बसलात ती वेळ. दोन चौराह्यांमधला आकडा रोज फार बदलत नाही. बदलतात ती दोन टोकं. एखादा चौराहा एक दिवस तीन मिनिटं खातो आणि दुसऱ्या दिवशी चौदा, हे त्या कागदावर लगेच दिसतं. तुमचं घर नेमकं त्याच चौराह्याच्या पलीकडे असेल तर तसंच दुसरं घर अलीकडे मिळतं का ते आधी शोधा.

अशा निदान पाच खेपा करा. एक सोमवार सकाळ हवी, एक शुक्रवार संध्याकाळ हवी. पूर्व रिंग रोड वाटेत येत असेल तर एक बुधवार संध्याकाळही हवी, कारण खजराण्याच्या गणपतीची गर्दी त्या दिवशी चौराह्यापर्यंत येते. चोइथराम मंडीवरून जाणार असाल तर पहाटेच्या माल उतरवणाऱ्या गाड्यांची वेळ पाहून घ्या. घाई नसेल तर एक खेप जुलैसाठी राखून ठेवा. जोराचा पाऊस पडून गेल्यावर तासाभराने निघायचं. भर पावसात लोक आडोशाला थांबलेले असतात, खरी कोंडी पाऊस थांबल्यावर होते. रंगपंचमी आणि अनंत चतुर्दशी मात्र या मोजणीतून वगळा. त्या दिवशी राजवाड्याच्या बाजूला आपण गाडीने जातच नाही.

मग सरासरी काढू नका. घोळ इथेच होतो. दहापैकी आठ दिवस ४० मिनिटं आणि दोन दिवस ७० लागत असतील तर सरासरी ४६ येते. पण हजेरी अंगठ्याची असेल तर तुम्हाला रोज ७० धरूनच निघावं लागणार, कारण कोणते दोन दिवस ते आधी कळत नाही. तेव्हा ज्या वाटेला कायम ५० लागतात ती, ३५ ते ७० मध्ये झुलणाऱ्या वाटेपेक्षा बरी. गूगल मॅप्समध्ये अमुक वाजता पोहोचायचंय असं टाकलं की “इतकी ते इतकी मिनिटं” असा पल्ला दिसतो. त्यातला मोठा आकडा खरा धरा आणि दोन घरांची तुलना करताना दोन्ही आकड्यांतलं अंतर बघा.

आणखी एक गोष्ट, जी घर दाखवणारा कधीच सांगत नाही. पश्चिमेला राहून पूर्वेला नोकरी करणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळीही ऊन आणि संध्याकाळीही. सुदामानगरहून देवास नाक्याकडे जाणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. उलट इंदूरहून पीथमपूरला जाणाऱ्याच्या दोन्ही वेळा सूर्य पाठीशी असतो.

प्रश्न : मुलगा सुपर कॉरिडॉरवर आयटी कंपनीत लागलाय. मेट्रो सुरू झाली आहे, तेव्हा गांधीनगरकडे फ्लॅट घेऊन आम्ही दोघंही रामबाग सोडून तिकडे जावं असं त्याचं म्हणणं आहे. आमचं वय सत्तरच्या पुढे.

उत्तर : मेट्रो सुरू झाली आहे हे खरं. ३१ मे २०२५ पासून ती धावते आहे, पण गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर स्टेशन ३ एवढाच तो सहाएक किलोमीटरचा तुकडा, पाच स्टेशनांचा. शहराभोवती फिरणारी पूर्ण मार्गिका ३१ किलोमीटरच्या आसपासची आहे. या तुकड्याने मुलगा ऑफिसला जाऊ शकेल, तेही स्टेशन आणि ऑफिसचं गेट यांमधलं अंतर चालण्याजोगं असेल तर. सुपर कॉरिडॉरचे प्लॉट अवाढव्य आहेत. नकाशावर समोर दिसणारं गेट उन्हात वीस मिनिटांवर निघतं. तुम्हाला मात्र राजवाड्याला, एम.वाय. रुग्णालयात किंवा रामबागेतल्या जुन्या मंडळींकडे यायचं झालं तर या मेट्रोचा आज उपयोग नाही.

घर आजच्या रस्त्यावर घ्यावं, उद्याच्या नकाशावर नाही. इंदूरच्या मास्टर प्लॅनमधले एम.आर. (मेजर रोड) रस्ते किती वर्षं कागदावर राहिले ते या गावात कोणाला सांगायला नको. मेट्रो पुढे आली तर तो लाभ समजा. तिच्या भरवशावर चौरस फुटाला जास्त भाव देऊ नका.

मधला मार्ग आहे. एअरोड्रम रोडवर कालानीनगरच्या आसपास घर पाहिलं तर मुलाला सुपर कॉरिडॉर पाच-सात किलोमीटर पडेल, आणि तेही गर्दीच्या उलट दिशेला, कारण सकाळची गर्दी बडा गणपतीकडे गावात शिरते आणि तो गावाबाहेर जाणार. तुम्हाला बडा गणपतीमार्गे रामबाग हाताशी. तिथे डॉक्टर, औषधाचं दुकान, भाजी पायी मिळते. सत्तरीनंतर तुमची जा-ये म्हणजे ऑफिसची नव्हे, या तीन ठिकाणांची. घर बघायला जाल तेव्हा दुपारी तीनला तिथून रिक्षा मागवून बघा. किती मिनिटांत येते, येते की नाही, हे मुलाच्या ऑफिसच्या अंतराइतकंच महत्त्वाचं आहे.

मुलगा रात्रपाळी करणार असेल तर कंपनीच्या कॅबची हद्द कुठपर्यंत आहे ते त्याने लेखी विचारावं. विजयनगरकडे घर घ्यायचं मनात असेल तर एम.आर. १० वरून यावं लागेल आणि वाटेत लवकुश चौराहा येईल. उज्जैनचा रस्ता तिथेच मिळतो. २०२८ च्या सिंहस्थासाठी त्या रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम काढलेलं आहे, आणि सिंहस्थाच्या दिवसांत तिथली गर्दी किती असेल याची कल्पना करा.

प्रश्न : मला गाडी चालवता येत नाही आणि आता शिकायचीही नाही. नोकरी गीता भवनजवळ. टिळकनगर, वैशालीनगर आणि सिलिकॉन सिटी यांतलं कोणतं?

उत्तर : ताई, टिळकनगर. वैशालीनगर दुसऱ्या क्रमांकावर. सिलिकॉन सिटी विसरा. घर स्वस्त आहे, पण राऊपासून आत जायला रात्री नऊनंतर काय मिळतं ते एकदा उभं राहून बघा.

बसवर अवलंबून राहणाऱ्याने एका बसवर राहू नये. घरापासून चारशे मीटरच्या आत, म्हणजे पाच मिनिटांच्या चालीत, निदान दोन वेगळ्या रूटच्या गाड्या हव्यात. सिटी बस चुकली तर नगर सेवा, तीही नाही तर मॅजिक व्हॅन किंवा ई-रिक्षा. ए.बी. रोडवर २०१३ पासून बीआरटीएसची, म्हणजे फक्त बससाठी राखलेली, वेगळी मार्गिका होती, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा अशी सुमारे साडेअकरा किलोमीटर. आय-बस त्यातून सुसाट जायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या जबलपूरच्या मुख्य पीठाने ती काढायला परवानगी दिली. मार्गिका गेली की बस इतर वाहनांच्या गर्दीत अडकते. तेव्हा “आय-बसने वीस मिनिटं” असं कोणी जुन्या अनुभवावरून सांगितलं तर ते मनावर घेऊ नका, आजच्या आज बसून बघा. शेवटची बस किती वाजता, हे वेळापत्रकावर नव्हे, त्या थांब्याजवळच्या पानवाल्याला विचारा.

प्रश्न : बायपासच्या पलीकडे प्लॉट घेतोय. नकाशावर विजयनगर अगदी समोर आहे. काय बघावं?

उत्तर : बायपास ओलांडायचा कुठून, हे. कॉलनी बायपासच्या बाहेरच्या बाजूला असेल तर तुम्हाला सर्व्हिस रोडने अंडरपासपर्यंत जायचं, खालून निघायचं आणि पलीकडच्या सर्व्हिस रोडने परत यायचं. अंडरपास उलट दिशेला दीड किलोमीटरवर असला की “समोरचं” विजयनगर दर खेपेला तीन किलोमीटरने लांब जातं. मग लोक काय करतात? सर्व्हिस रोडवर उलटे येतात. संध्याकाळी शाळेची बस, टँकर आणि उलट्या येणाऱ्या स्कूटर त्या अरुंद अंडरपासमध्ये समोरासमोर आल्या की पंधरा मिनिटं गेली. पावसात तिथे गुडघाभर पाणी साचतं का, ते भिंतीवरच्या मातीच्या रेषेवरून कळतं. वाकून बघा.

टँकरवरून आठवलं. नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये इंदूरला आलं, पण तुमच्या कॉलनीत आलंय का? बोअरवर असेल तर मे महिन्याचं टँकरचं बिल प्लॉटच्या हिशेबात धरा. कागदांत टी अँड सी.पी.ने (नगर नियोजन खात्याने) मंजूर केलेला लेआउट, शेतीच्या जमिनीचं डायव्हर्शन (बिगरशेती करणं), विकास अनुमती आणि रेराचा क्रमांक बघाच. जा-येच्या दृष्टीने त्या लेआउटवर एक गोष्ट खास बघा. कॉलनीचा दाखवलेला मुख्य रस्ता बाहेरच्या सरकारी रस्त्याला खरोखर मिळतो, की मध्ये दुसऱ्या कोणाचं शेत आहे? मध्ये शेत असेल तर आज चालू असलेली वाट शेजाऱ्याच्या मर्जीवर आहे. तो उद्या तिथे तार ओढू शकतो.

प्रश्न : महूला राहून इंदूरला रेल्वेने जा-ये करता येईल का?

उत्तर : येईल, २१ किलोमीटरच आहे. वाटेत राऊ, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सैफीनगर ही स्टेशनं लागतात. मासिक पास दुचाकीच्या पेट्रोलच्या तुलनेत किरकोळ पडतो. पण गाड्या मोजक्या आहेत. तुमच्या ऑफिसच्या वेळेला जुळणारी सकाळची एक आणि संध्याकाळच्या दोन सापडल्या तरच यावर घर घ्या. संध्याकाळी दोन अशासाठी, की एक चुकली तर दुसरी हवी. पासावर कोणत्या गाड्या चालतात तेही खिडकीवर विचारून घ्या, महूहून सुटणाऱ्या सगळ्याच गाड्यांत तो चालेल असं नाही.

प्रश्न : मी देवासला, पत्नी राऊला. दोघांना बरोबर मध्ये पडावं म्हणून विजयनगरला घर बघतोय. ठीक आहे ना?

उत्तर : मध्ये राहिलं की दोघंही दमतात. बरोबर मध्ये घर घेणं न्यायाचं वाटतं, पण त्यात घरी लवकर पोहोचणारं कोणीच उरत नाही, आणि मुलाची शाळा सुटते तेव्हा दोघंही वाटेत असतात. दोघांपैकी ज्याच्या वेळा जास्त कडक आहेत, म्हणजे मस्टर, शिफ्ट किंवा वर्गाची घंटा, त्याच्याजवळ राहा. दुसऱ्याने लांबचा, पण सरळ रस्ता पत्करावा. बायपासने राऊ ते देवास हा पल्ला मोठा आहे, पण शहरातले सिग्नल त्यात येत नाहीत. विजयनगरहून राऊला जायचं तर अख्खा ए.बी. रोड किंवा अख्खा रिंग रोड पार करावा लागेल, तोही पत्नीला, रोज दोनदा.

मुलाची शाळा घराजवळचीच घ्या. शाळेच्या बसने जाणार असेल तर एवढं विचारा की तो चढतो तेव्हा बसला आणखी किती थांबे घ्यायचे आहेत. चार किलोमीटरवरच्या शाळेला जायला पोर पन्नास मिनिटं बसमध्ये बसून असतं, कारण बस आधी बिचोलीला जाऊन येते.